खाडीपलीकडे, दुसऱ्या गिअरमध्ये

डोंबिवलीची माणसं नाताळच्या सुटीत थंडी शोधायला जातात. माळ्यावरून स्वेटर खाली येतात, डांबराच्या गोळ्यांचा वास जिन्यात पसरतो आणि कोणी माथेरानला, कोणी महाबळेश्वरला निघतो. आम्ही उलटे निघालो, ऊब शोधायला. त्याला कारण सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बोटं.

थंडीत त्याची बोटं खडूसारखी पांढरी पडतात आणि मग त्यांत काही म्हणजे काही जाणवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पहाटे खंडाळ्याचा घाट चढताना त्याला ब्रेक दाबलाय की नाही हेच कळेना. आम्ही तिथूनच परत फिरलो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "मोटरसायकलवर जायचंच असेल ना, तर चढू नका, उतरा. कोकणात समुद्राकाठी डिसेंबरातसुद्धा दुपारी पंखा लावतात."

तेव्हापासून कोकणात जायचं ठरत होतं. लग्नाला बारा वर्षं झाली आणि ठरण्याला अकरा. एकदा नणंदेचं लग्न निघालं, एकदा मुलीला गोवर, एकदा कंपनीत संप, एकदा माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन. मी प्राथमिक शाळेत भूगोल शिकवते. रत्नागिरी जिल्ह्याच्या नद्या आणि खाड्या मी उत्तरेकडून दक्षिणेकडे न चुकता म्हणून दाखवू शकत होते, पण त्यातली एकही पाहिलेली नव्हती.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. त्या वर्षी नोव्हेंबरात सुधीरने चौकटींची एक वही आणली आणि तीत बेत मांडायला घेतला. तो कळव्याच्या एका कारखान्यात फिटर होता, त्यामुळे हात मुळातच नेटका. पण ही वही काही वेगळीच होती. डोंबिवली ते पनवेल, पनवेल ते पेण, प्रत्येक टप्प्याचे मैल, पेट्रोल कुठे भरायचं, चहा कुठे. कोणत्या खाडीवर होडी आहे, त्या होडीत मोटरसायकल घेतात की नाही, त्या दिवशी भरती किती वाजता. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात कोणा ओळखीच्या कोळ्याकडे जाऊन तो तिथीवरून भरतीची वेळ काढायला शिकून आला होता. रोज संध्याकाळी कामावरून आला की वहीत एक पान वाढलेलं असायचं.

"तुला एवढा वेळ कधी मिळतो?" मी विचारलं.

"जेवणाच्या सुटीत," तो म्हणाला.

गाडी कोपरच्या नामदेवच्या गॅरेजमध्ये दोन दिवस होती. नामदेव तिथल्याच जुन्या आगरी घरातला. त्याने माझ्या हातात स्पार्क प्लग ठेवला. "वयनी, दादाला काय सांगाचा, तो फिटर हाय. तुमी बगा. यो काला झाला का काढाचा, पुसाचा, परत लावाचा. गारी बंद परली आनि दादा नसला तं?"

"दादा नसून जाणार कुठे?" मी म्हणाले. पण प्लग काढून लावून पाहिला.

राहता राहिला कपड्यांचा प्रश्न. शाळेत मी साडी नेसून मोपेडवर जात असे, पण मोटरसायकलवर सहा दिवस साडी शक्य नव्हती. मुलगी आणि सासूबाई त्या आठवड्यापुरत्या नौपाड्याला नणंदेकडे राहणार होत्या. त्यांना सोडायला आम्ही गेलो तेव्हा मी पंजाबी ड्रेसमध्ये. सासूबाईंनी माझ्या ओढणीचं टोक हातात धरलं. मग म्हणाल्या, "ओढणी चाकात जाईल. मागे गाठ मार."

चौल

पहिला मुक्काम चौलला, सुधीरच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी. तो नोकरी सोडून गावी नारळाची वाडी बघत होता. पेण सोडलं तसा मी स्वेटर काढला, वडखळच्या पुढे कानाला बांधलेला रुमाल काढला, आणि चौलला पोचेपर्यंत मला घाम आला होता. नाताळात घाम! मिठागरांवरून येणाऱ्या वाऱ्याला खारट वास होता, अगदी कळव्याच्या खाडीसारखा, फक्त त्यातून गटार वजा केलेलं.

संध्याकाळी यजमानांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा नुकत्याच आल्या होत्या. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये चार अंडी, वर पुन्हा पाला. मग मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती गवत आणि काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मला ते खरं वाटेना. अर्ध्या तासाने शेंगा निघाल्या त्या पाल्याच्या वासाच्या आणि लोण्यासारख्या मऊ. आम्ही डोंबिवलीत वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो, दोन दिवस त्या उसळीच्या मागे असतो. इथे शेतातून तोडले आणि शेतातच खाल्ले.

"आणि कंपनी काय म्हणते?" यजमानांनी शेंग सोलता सोलता विचारलं.

"चाललंय," सुधीर म्हणाला आणि आणखी काटक्या आणायला उठला. जाळ चांगला पेटलेला होता. काटक्यांची गरज नव्हती, हे मला दिसलं.

राजपुरी, श्रीवर्धन

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मुरूडच्या पुढे राजपुरीला पोचलो तर पाणी धक्क्याला अगदी काठोकाठ. होडी धक्क्याच्या पातळीत. दोन फळ्या टाकल्या, गाडी त्यांवरून ढकलली आणि आत. सुधीरने घड्याळ माझ्यापुढे धरलं, वही उघडून भरतीची वेळ दाखवली. चार मिनिटांचा फरक.

"बघ," तो म्हणाला. एवढंच. पण होडी निघाली, उजव्या हाताला जंजिरा सरकू लागला, तरी किल्ल्याऐवजी मी त्याच्याच चेहऱ्याकडे बघत होते. इतका खूश तो महिनोन्‌महिने दिसला नव्हता.

श्रीवर्धनला आम्ही एका सुपारीच्या वाडीत उतरलो. मालकीणबाई घरचं जेवायला घालत आणि ओटीवर झोपायला जागा देत. डोंबिवलीत आमच्याकडे पाणी पहाटे पाऊण तास येतं. त्या पाऊण तासात बादल्या, पिंप, हंडे, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. इथे सकाळभर पाटाचं पाणी झाडांच्या बुंध्यांशी खेळत होतं आणि कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. मी पाटात पाय सोडून बसले. बाईंनी घावन वाढले, सोबत नारळाच्या दुधात कालवलेला गूळ. एक झाला, दोन झाले.

"साडेआठला निघायचं होतं," सुधीर दोनदा म्हणून गेला.

"अरे, सुटी आहे ना?" मी म्हणाले. घरी सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते. पेण ओलांडलं की अरे.

तिसरा घावन झाला. आम्ही दहाला निघालो.

खाडी

हरिहरेश्वरला देवदर्शन धावत केलं. तरी खाडीवर पोचायला उशीरच झाला. पाणी पार खाली गेलं होतं. धक्क्याचा उतार उघडा पडला होता, काळा, चकचकीत, शेवाळलेला, आणि त्याच्या टोकाला, चिखलाच्या कडेला होडी. होडीवाला आणि त्याची बायको जाळं नीट करत बसले होते.

"सायेब, पाणी सुकलंय," तो म्हणाला. "माणसं नेतो, गाडी नको. दोन तास बसा. पाणी चढलं की गाडी सपाट आत जाईल."

दोन तास बसायला काय झालं होतं? झाडाची सावली होती, पिशवीत घावन होते. पण सुधीरने वही काढली, पानं उलटली, पुन्हा घड्याळ पाहिलं. "दोन तास गेले तर आज दापोली होत नाही. उद्याचं सगळं बिघडतं."

"बिघडू दे ना."

"अगं, तुला नाही कळत," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडी कधी नसतं. त्याने गाडी न्यूट्रल केली आणि उतारावरून खाली न्यायला लागला. होडीवाला "अवो, अवो" करत उठला. तेवढ्यात सुधीरचा पाय सरकला. गाडी डावीकडे कलली आणि त्याच्यासह होडीच्या काठावर आदळली. त्याचा डावा हात हँडल आणि फळीच्या मध्ये होता.

तो ओरडला नाही. "गाडी उचला," एवढंच म्हणाला, अगदी शांतपणे, आणि त्या शांतपणानेच मला धडकी भरली.

होडीवाल्याने आणि धक्क्यावरून धावत आलेल्या तिघांनी गाडी उचलली. मनगट वाकडं दिसत होतं. होडीवाला म्हणाला, हाडाचं बघणारा डॉक्टर पलीकडे आहे, धक्क्यापासून दहा-बारा मैलांवर. गाडी अर्धी होडीतच होती, ती त्यांनी तशीच आत ओढली. होडीवाल्याची बायकोही होडीत चढली, तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, मी एका चपट्या लाकडाला त्याचा हात बांधला. घट्ट बांधला. हलू नये म्हणून.

पलीकडे चौघांनी गाडी उचलून धक्क्यावर ठेवली तेव्हा बारा वाजत आले होते. एसटी सकाळीच गेलेली, दुसरी साडेचारला. गावातली एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन गेलेली. "बसू साडेचारपर्यंत," सुधीर म्हणाला. त्याचा चेहरा घामाने निथळत होता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. त्या उन्हात, जिथे वाळूवर पाय ठेववत नव्हता, तिथे खडूसारखी पांढरी.

"चिमटा काढला तर कळतोय?" मी विचारलं.

"नाही."

मी गाडीकडे पाहिलं. मी मोपेड चालवत होते. तिला गिअर नसतात, आणि ती माझ्यापेक्षा हलकी आहे. ही गाडी मी कधी स्टँडवर लावूनसुद्धा पाहिली नव्हती. मी मागे वळले तर होडीवाल्याची बायको माझ्याचकडे बघत होती.

"बाय, तुजा हात नाय ना मोडला?" ती म्हणाली. "मंग?"

आधी प्लग काढला, कारण पडल्यावर गाडी सुरूच होईना. ओला झाला होता. पुसला, लावला. मग किक. सातव्या किकला इंजिन धडधडलं. सुधीर उजव्या हाताने माझा खांदा धरून मागे बसला.

"क्लच पूर्ण दाब. पायाने खाली, पहिला. आता क्लच हळू सोड. दूध वर आलं की गॅस बारीक करतेस ना, तसा."

"दूध वर येतं तेव्हा मी घाईत असते," मी म्हणाले आणि गाडी बंद पडली.

तीनदा बंद पडली. चौथ्यांदा ती एकदम पुढे उसळली, मी किंचाळले, होडीवाला बाजूला उडाला, आणि आम्ही निघालो. निघालो म्हणजे पहिल्या गिअरमध्ये बोंबलत निघालो. सुधीर कानाशी म्हणाला, "दुसरा. वर उचल. क्लच विसरू नको." खट्ट. आवाज खाली आला. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना काजूची झाडं, माणूस दिसत नव्हता. तिसरा टाकायची माझी हिंमत झाली नाही. गाडी दुसऱ्यातच ठेवली.

मैलभर गेलो असू. मागून सुधीर म्हणाला, "सुनंदा, मी कंपनी सोडली."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"स्वेच्छानिवृत्तीचे कागद फिरत होते. मी सही केली. चार नोव्हेंबरला शेवटचा दिवस झाला."

समोर वळण होतं. वळणावर खडी. मी मान वळवू शकत नव्हते, हात सोडू शकत नव्हते, थांबले तर पुन्हा सुरू करता येईल याची खात्री नव्हती. सगळं लक्ष खडीवर, आणि डोक्यात फक्त एकच गोष्ट फिरत होती. चार नोव्हेंबर. म्हणजे सात आठवडे. सात आठवडे मी पहाटे पाच वाजता उठून याचा डबा भरला. तीन पोळ्या, भाजी, लोणचं. रोज हा डबा घेऊन गाडीवरून गेला.

"कुठे जायचास?" मी विचारलं.

"तलावपाळीला. ठाण्यात. बाकावर बसायचो."

"दिवसभर?"

"वही लिहायचो."

रस्त्यात एक म्हैस आडवी आली. सुधीर म्हणाला, "हॉर्न." मी हॉर्न वाजवला. म्हैस गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"सांगायचं होतं," तो म्हणाला. "रोज ठरवायचो. म्हटलं, तिकडे गेल्यावर सांगू. दापोलीला, हर्णैच्या समुद्रावर, शांतपणे बसून. उद्या संध्याकाळी. ते वहीतच होतं, फक्त लिहिलं नव्हतं."

"गप्प बस," मी म्हणाले. "मला उतार दिसतोय."

दवाखाना

डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी आधी माझी लुगड्याची पट्टी कात्रीने कापली. दोन-तीन मिनिटांत बोटांवर रंग आला, आधी निळसर, मग गुलाबी. "हाड मोडल्यामुळे नव्हती पांढरी," त्या म्हणाल्या, "तुम्ही बांधलंय केवढं घट्ट!" मग माझा चेहरा बघून त्यांनी सूर बदलला. "पण आणलंत ते बरं केलंत. साडेचारच्या गाडीची वाट बघितली असतीत तर मला काळजी वाटली असती." एकच हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यामागच्या खोलीत तीन रात्री राहायला सांगितलं.

पहिला पूर्ण दिवस मी सुधीरशी बोलले नाही. तो पडवीत बसून राहायचा, मी तिथल्या शाळेच्या मैदानात गाडी घेऊन चकरा मारायचे. शाळेला सुटी होती. पहिला, दुसरा, तिसरा, थांब. पहिला, दुसरा, तिसरा, थांब. दुपारी डॉक्टरीणबाईंकडे कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. दोघांच्या मध्ये पिठल्याचं पातेलं, आणि वाढणाऱ्या बाईंना वाटत असावं की प्रवासाने दमलो आहोत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू डबा हातात द्यायचीस. तो घेतला की तोंडच उघडायचं नाही."

"खायचास तरी?"

"सगळा. पोळीचा तुकडासुद्धा टाकला नाही."

का कोण जाणे, मला तिथे हसू आलं. मग रडू. मग आम्ही पुष्कळ बोललो. सही का केली, कोणी कोणी केली, पुढे काय होईल असं त्याला वाटतं. पुढचं त्याला काहीच माहीत नव्हतं. सात आठवडे त्याने भरतीच्या वेळा काढल्या होत्या, कारण त्या काढता येत होत्या. मी म्हणाले, आईंना आणि ताईंना तू सांगायचंस, मी नाही. तो हो म्हणाला.

दापोली, गुहागर, रत्नागिरी, सगळं राहिलं. त्या खाड्या मी अजूनही नकाशावरच शिकवते.

परत

परतीला आम्ही तीन दिवस घेतले. माझ्याकडे मोपेडचं लायसन्स होतं, मोटरसायकलचं नव्हतं, हे इथे कबूल करायला हवं. रोज सकाळी चार तास चालवायची, ऊन चढलं की थांबायचं. खाडीवर अडीच तास बसून राहिलो, पाणी काठाला लागेपर्यंत. होडीवाल्याच्या बायकोने आम्हाला भाजलेले बांगडे खायला घातले आणि सुधीरला म्हणाली, "आता हिच्या मागंच बसा."

पनवेलनंतर ट्रक सुरू झाले तशी मी गाडी अगदी कडेने घेतली. मुंब्र्याच्या डोंगराखालून कळव्याला आलो. कारखान्याचं गेट रस्त्यावरच होतं. जवळ आलं तसा सुधीरने माझा खांदा दाबला. "थांब जरा."

मी कडेला घेतली. तो उतरला, रस्ता ओलांडून गेटपर्यंत गेला. वॉचमन ओळखीचा असावा, दोघे बोलले. सुधीरने प्लास्टर दाखवलं, माझ्याकडे बोट केलं, वॉचमनने मला हात केला. मीही केला. पाच मिनिटांनी तो परत येऊन मागे बसला. "चल," म्हणाला.

नौपाड्यात शिरलो तर भर चौकात गाडी बंद पडली. मागून रिक्षांचे हॉर्न, बसचा हॉर्न, कोणी तरी ओरडतंय, "ओ बाई, बाजूला घ्या!" मी किक मारतेय, लागत नाही. पाठीमागचं वजन हललं. सुधीर उतरला, चौकाच्या मधोमध गेला आणि त्याने प्लास्टरचा हात सरळ वर केला. पांढराशुभ्र हात. रिक्षा थांबल्या, बस थांबली. तो तसाच उभा राहिला, मी सावकाश प्लग बघितला, किक मारली, पुन्हा मारली, आणि इंजिन सुरू झालं.

नणंदेच्या दारात त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. सगळ्यांची नजर हातावर. "हात मोडला. माझ्या चुकीने," तो म्हणाला. "कंपनी सोडलीय, दोन महिने झाले. आणि गाडी हिने चालवत आणली."

सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं. लाल मातीने माखलेला ड्रेस, पायाला किकचे ओरखडे. "आधी आंघोळ करून घे तू," त्या मला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या, "आणि तू बस इथे. सांग."

प्लास्टर निघालं तसा सुधीर कोपरला नामदेवकडे जाऊ लागला. आधी नुसता बसायला, मग हाताखाली, आणि पावसाळ्याआधी दोघांनी भागीदारीत एक लेथ मशीन घेतलं. ते अजून चालतं. डबा आता तो स्वतः भरतो.

मी मार्चमध्ये ठाण्याला मोटरसायकलच्या लायसन्सची परीक्षा दिली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मैदानात आठचा आकडा काढायला लावला. मी पाय खाली न टेकवता काढला. त्यांनी कागदावरून मान वर केली.

"याआधी कधी चालवलीय का, बाई?"

"थोडी," मी म्हणाले.